स्कॉट सर्कलमधले हॅनिमन : सन्मान माणसाचा की पद्धतीवरचा शिक्का?

वॉशिंग्टन डी.सी.मध्ये सोळावा रस्ता, मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यू आणि ऱ्होड आयलंड ॲव्हेन्यू जिथे मिळतात, त्या चौकाला स्कॉट सर्कल म्हणतात. मधोमध घोड्यावर बसलेले जनरल विनफील्ड स्कॉट, पश्चिमेला सिनेटर डॅनियल वेब्स्टर आणि पूर्वेच्या तुकड्यावर होमिओपॅथीचे जनक डॉ. सॅम्युएल हॅनिमन. पहिले दोघे अमेरिकेच्या इतिहासातले. तिसरे जर्मनीत जन्मले, पॅरिसमध्ये वारले आणि त्यांनी अमेरिकेत कधी पाऊलही ठेवलं नाही. तरीही 21 जून 1900 रोजी त्यांच्या स्मारकाचं लोकार्पण झालं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली जातीने हजर होते.

होमिओपॅथीवर वाद सुरू झाला की हा पुतळा हमखास पुढे येतो. 'अमेरिकेने राजधानीत ज्याचा पुतळा उभारला, त्याची पद्धत खोटी कशी असेल?' असं एक बाजू विचारते. दुसरी बाजू म्हणते, ज्या उपचाराला पुरावा नाही त्याच्या जनकाचं स्मारक सरकारी जमिनीवर, सरकारी देखभालीत कशासाठी ठेवायचं? दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरून चालतात, की पुतळा म्हणजे राज्यसंस्थेने त्या उपचारपद्धतीला दिलेला दाखला. स्मारक कुणी, कधी आणि कशासाठी उभारलं हे नीट पाहिलं तर ते गृहीतक टिकत नाही. म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो आहे.

तिथे नेमकं काय आहे

शिल्पकार चार्ल्स हेन्री नीहाउस, वास्तुरचना ज्युलियस हार्डर यांची. अर्धवर्तुळाकार ग्रॅनाइटची भिंत, तिला लागून बसायला दगडी बाक, मध्यभागी कोनाडा आणि कोनाड्यात खुर्चीवर बसलेले, विचारात गढलेले ब्राँझचे हॅनिमन. डोक्यावरच्या कमानीत रंगीत मोझेक. दर्शनी भागावर होमिओपॅथीचं 'समाने समानाचा उपचार करावा' हे लॅटिन सूत्र कोरलेलं आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मिळून चार ब्राँझची उठावचित्रं आहेत: विद्यार्थी हॅनिमन, रसायनशास्त्रज्ञ हॅनिमन, शिक्षक हॅनिमन आणि रुग्णाच्या बिछान्यापाशी वैद्य हॅनिमन.

या चौथ्या चित्रापाशी मी जरा थांबेन, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. त्यात डॉक्टर रुग्णापाशी बसलेला आहे. हातात शिरा कापायची सुरी नाही, रक्त धरायला पातेलं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन माणसाला या चित्राचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्या घरात कुणी आजारी पडलं की डॉक्टर येऊन काय करतो हे त्याने पाहिलेलं होतं.

शिर, जळू आणि पारा

हॅनिमन यांचा जन्म 10 एप्रिल 1755 रोजी सॅक्सनीतल्या माइसेन गावी झाला. वडील चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रकाम करत. लाइपझिग आणि व्हिएन्नात शिकून त्यांनी 1779 मध्ये एर्लांगनला वैद्यकीची पदवी घेतली, पण व्यवसायात मन रमेना. त्या काळचा मान्यताप्राप्त उपचार म्हणजे रक्त काढणं, जळवा लावणं, उलट्या-जुलाबांची औषधं आणि कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार. तो इतका दिला जाई की रुग्णाच्या हिरड्या सुजून लाळ गळू लागे, आणि लाळ गळणं हे औषध लागू पडल्याचं लक्षण मानलं जाई.

मार्च 1792 मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा लिओपोल्ड मरण पावला. राजवैद्यांनी त्याचं चार वेळा रक्त काढलं होतं. हॅनिमन यांनी वृत्तपत्रात जाहीर जाब विचारला: पहिल्यांदा रक्त काढून उतार पडला नाही, तर दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा कोणत्या शास्त्राने काढलं? नाव नसलेल्या, पोटापाण्यासाठी भाषांतरं करणाऱ्या एका डॉक्टरने राजवैद्यांना असं विचारणं सोपं नव्हतं. त्याच वर्षी गेओर्गेनथाल इथे त्यांनी क्लॉकनब्रिंग नावाच्या मनोरुग्ण अधिकाऱ्यावर उपचार केले. त्याला बांधलं नाही, मारहाण केली नाही. मनोरुग्णांना साखळदंड घालणं ही तेव्हाची रीतच होती. हॅनिमन यांचा सन्मान करायचा असेल, तर माझ्या मते या दोन गोष्टींसाठी तो निःसंकोच करावा.

पद्धतीचा पाया मात्र वेगळ्या जागी आहे. 1790 मध्ये विल्यम कलेन यांच्या औषधीग्रंथाचं भाषांतर करताना, सिंकोनाची साल हिवतापावर का चालते याचं कलेन यांचं स्पष्टीकरण त्यांना पटलं नाही. मग काही दिवस त्यांनी स्वतःच ती साल घेतली. हातपाय गार पडले, छातीत धडधड झाली, हिवतापासारखी लक्षणं दिसली. यावरून निघालेला विचार 1796 मध्ये निबंधरूपाने आणि 1810 मध्ये 'ऑर्गेनॉन' या ग्रंथात पुढे आला: निरोगी माणसात जे औषध जी लक्षणं निर्माण करतं, ते तीच लक्षणं असलेला आजार बरा करतं. निरोगी माणसांवर औषध पारखायची ही कल्पना त्या काळी नवी आणि मोलाची होती. पण एका माणसाने स्वतःवर केलेल्या एका प्रयोगावर अख्खा नियम उभा राहिला. त्यात पुढे औषध विरळ करत जाण्याची रीत आली.

आज दुकानात मिळणारी 30 पोटन्सी म्हणजे शंभरात एक भाग, असं तीस वेळा विरळ केलेलं. बाराव्या टप्प्यापर्यंत मूळ पदार्थ 10 च्या 24 व्या घाताइतका विरळ होतो आणि ॲव्होगाड्रो संख्येची (पदार्थाच्या ठरावीक वजनात किती रेणू असतात ती संख्या) हद्द ओलांडली जाते, म्हणजे तिथून पुढे मूळ पदार्थाचा एकही रेणू उरण्याची शक्यता नगण्य. 30 पोटन्सीत एक रेणू सापडायचा तर अब्जावधी पृथ्व्यांच्या वजनाइतकं पाणी लागेल. हॅनिमन 1843 मध्ये वारले आणि रेणूंच्या आकाराचा पहिला चांगला अंदाज 1865 मध्ये आला, तेव्हा या हिशेबाचा दोष त्यांना देणं अन्याय होईल. 1900 मध्ये स्मारक उभारणाऱ्यांना मात्र तो हिशेब उपलब्ध होता.

अमेरिकेत हे रोप का रुजलं

1825 मध्ये हान्स बर्च ग्राम यांनी न्यूयॉर्कमध्ये होमिओपॅथीचा व्यवसाय सुरू केला. पुढे कॉन्स्टंटाइन हेरिंग यांनी पेनसिल्व्हेनियात शिक्षणसंस्था उभ्या केल्या. 10 एप्रिल 1844 रोजी, हॅनिमन यांच्या जन्मदिनी, न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ होमिओपॅथी स्थापन झाली. ही अमेरिकेतली पहिली राष्ट्रीय वैद्यकीय संघटना. अमेरिकन मेडिकल असोसिएशन तिच्यानंतर तीन वर्षांनी आली.

लोक होमिओपॅथीकडे वळले ते अडाणीपणामुळे, असं आज सहज म्हटलं जातं. ते मला मान्य नाही. 1854 च्या लंडनच्या पटकीच्या साथीत होमिओपॅथी रुग्णालयातलं मृत्युप्रमाण सोळा टक्क्यांच्या आसपास होतं, तर इतरत्र ते पन्नास टक्क्यांच्या पुढे गेलं होतं. पटकीचा रुग्ण अंगातलं पाणी जाऊन मरतो. अशा रुग्णाचं रक्त काढलं आणि त्याला जुलाबाचं औषध दिलं, तर तो लवकर मरेल. ज्याने यातलं काहीही केलं नाही आणि रुग्णाला स्वच्छ, शांत ठेवलं, त्याच्याकडचे जास्त रुग्ण वाचणार. गोळीत काही नव्हतं, आणि नेमकं त्यामुळेच ती त्या काळच्या औषधापेक्षा बरी ठरली. आपल्या डोळ्यांसमोर कोण वाचतं आणि कोण मरतं एवढंच ज्या बापाला कळत होतं, त्याने होमिओपॅथ बोलावला तर तो शहाणपणानेच वागत होता.

मान्यताप्राप्त डॉक्टरांनी यावर बहिष्काराचं शस्त्र काढलं. असोसिएशनच्या 1847 च्या आचारसंहितेने एकाच मताला चिकटून राहणाऱ्या वैद्याशी सल्लामसलत करायला बंदी घातली, आणि तिचा रोख होमिओपॅथांवर होता. ही बंदी किती टोकाला गेली याचा दाखला वॉशिंग्टनमध्येच आहे. 14 एप्रिल 1865 च्या रात्री लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, त्याच वेळी परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड यांच्या घरात शिरून मारेकऱ्याने त्यांच्यावर सुऱ्याचे वार केले. सिवर्ड यांचे घरचे डॉक्टर टुलिओ व्हेर्डी होमिओपॅथ होते. लष्कराचे मुख्य वैद्यकीय अधिकारी, सर्जन जनरल जोसेफ बार्न्स यांनी व्हेर्डींच्या बरोबरीने जखमी मंत्र्यावर उपचार केले. नंतर काही डॉक्टरांनी होमिओपॅथाबरोबर काम केलं म्हणून बार्न्स यांनाच दोषी धरलं.

अशा वागणुकीतून अपमान साठत जातो. दुसरीकडे होमिओपॅथांकडे पैसा आणि प्रतिष्ठाही होती. 1873 मध्ये सुरू झालेलं बोस्टन विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय होमिओपॅथीचं होतं, मिशिगन विद्यापीठात 1875 पासून स्वतंत्र विभाग होता. 1900 च्या सुमारास देशात होमिओपॅथीची बावीस महाविद्यालयं होती आणि त्यांचे रुग्ण प्रामुख्याने शहरी, सुशिक्षित, वजनदार घरांतले होते. याच मंडळींनी वर्गणी काढून सुमारे 75,000 डॉलर जमवले. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सरकारी जागेला मंजुरी दिली. म्हणजे जागा देशाची, पण पैसा आणि इच्छा एका संघटनेची. औषध चालतं की नाही, हा प्रश्न या सगळ्या प्रक्रियेत कुठल्याही टेबलावर आलेला नव्हता. आज राजधानीत स्मारकाला परवानगी देताना 1986 चा कायदा लावला जातो. त्यात व्यक्तीच्या मृत्यूला पंचवीस वर्षं झालेली असावी लागतात आणि अमेरिकन जनतेसाठी तिचं टिकाऊ ऐतिहासिक महत्त्व आहे का हेही पाहिलं जातं. 1900 मध्ये असं काहीच नव्हतं.

मला हे स्मारक हॅनिमन यांच्यापेक्षा त्या पिढीच्या अमेरिकन होमिओपॅथांचं वाटतं. अर्धशतक ज्यांना 'आमच्या पंक्तीला बसू नका' म्हणून सांगितलं गेलं, त्यांनी राजधानीत आपल्या मूळपुरुषाला दगडी आसनावर बसवलं.

चार वर्षांनी आलेला दुसरा डॉक्टर

होमिओपॅथीचे समर्थक अनेकदा सांगतात की वॉशिंग्टनमध्ये पुतळा असलेले हॅनिमन हे एकमेव डॉक्टर. ते बरोबर नाही. 11 जून 1904 रोजी, जुन्या नौदल वेधशाळेच्या टेकडीवर डॉ. बेंजामिन रश यांच्या पुतळ्याचं लोकार्पण झालं, आणि तो उभारला अमेरिकन मेडिकल असोसिएशनने.

रश मोठे होते यात शंका नाही. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे, गुलामगिरीला त्यांनी विरोध केला, मनोरुग्णांची त्यांना कळकळ होती. पण 1793 च्या फिलाडेल्फियातल्या पीतज्वराच्या साथीत त्यांनी काय केलं? रुग्णांना कॅलोमेल आणि जुलाबाची मुळी यांचा जबर डोस, आणि वारंवार रक्त काढणं. शहर सोडून पळून न जाता ते दिवसरात्र रुग्णांमध्ये राहिले, स्वतः आजारी पडले. धैर्य अतुलनीय, पण उपचार घातक.

दोन्ही पुतळे समोरासमोर ठेवून पाहा. विज्ञानाची बाजू सांगणाऱ्या संघटनेने रक्त काढणाऱ्याला उभं केलं आणि आज जी पद्धत पुराव्यावर टिकत नाही, तिच्या अनुयायांनी रक्त काढायला विरोध करणाऱ्याला. रश यांच्या पुतळ्याकडे बोट दाखवून 'म्हणजे रक्त काढणं योग्यच होतं' असं आज कुणीही म्हणत नाही, कारण वैद्यकाने रक्त काढणं केव्हाच टाकून दिलं. रश यांचा पुतळा म्हणून निरुपद्रवी आहे. हॅनिमन यांच्या पुतळ्याचा दाखला म्हणून उपयोग होतो, कारण त्यांची पद्धत अजून विकली जाते. फरक दगडात नाही, बाजारात आहे.

लोकार्पणानंतर

पुढची गोष्ट झपाट्याने घडली. 1901 मध्ये मॅकिन्ली यांची हत्या झाली (ओहायोतल्या कँटन इथल्या त्यांच्या स्मारकाचा पुतळाही पुढे नीहाउस यांनीच घडवला). 1910 मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरचा अहवाल आला आणि प्रयोगशाळा, रुग्णालय, पूर्णवेळ शिक्षक नसलेली महाविद्यालयं पटापट बंद पडली. बावीसपैकी 1923 पर्यंत दोनच उरली. फिलाडेल्फियात 1848 मध्ये सुरू झालेल्या संस्थेने हॅनिमन यांचं नाव राखलं, पण होमिओपॅथी शिकवणं सोडून दिलं. त्या नावाचं रुग्णालय 2019 मध्ये बंद झालं.

कायद्यात मात्र एक दार उघडं राहिलं. 1938 च्या अन्न व औषध कायद्याचे प्रवर्तक सिनेटर रॉयल कोपलंड स्वतः होमिओपॅथीचे डॉक्टर होते, आणि त्या कायद्याने होमिओपॅथीच्या औषधसंहितेला मान्यता दिली. म्हणजे सरकारी मान्यता म्हणून काही दाखवायचंच असेल तर ती पुतळ्यात नसून या कलमात आहे, आणि तीही परिणामकारकतेची पारख करून दिलेली नव्हती. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितलं की एकाही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2016 मध्ये स्पष्ट केलं की या औषधांच्या दाव्यांनाही इतर औषधांइतकाच पुरावा लागेल.

2007 मध्ये हे स्मारक ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आलं. 'आता तर सरकारने पुन्हा मान्यता दिली' असं यावरही म्हटलं गेलं. ती नोंदवही वास्तूंची आहे, औषधांची नाही. जुन्या तुरुंगाची नोंद झाली म्हणून कुणी तुरुंगवासाची शिफारस करत नाही.

आता काय करावं

हटवावं, असं म्हणणाऱ्यांकडे न्यूयॉर्कचं उदाहरण आहे. स्त्रीरोगशास्त्राचे जनक म्हणवले गेलेले डॉ. जे. मॅरियन सिम्स यांचा सेंट्रल पार्कजवळचा पुतळा एप्रिल 2018 मध्ये काढण्यात आला. अनार्का, ल्युसी, बेट्सी आणि इतर गुलाम स्त्रियांवर त्यांनी भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या होत्या. ती तुलना मला इथे लागू वाटत नाही. सिम्स यांचा सन्मान ज्या कामासाठी होता, ते कामच त्या स्त्रियांच्या देहावर लादलेलं होतं. हॅनिमन चुकले, पण त्यांनी कुणाला साखळीने बांधून प्रयोग केले नाहीत. शिवाय हा पुतळा गेला तर वैद्यकीय इतिहासातला एक महत्त्वाचा धडाही जाईल: चुकीचा सिद्धांतसुद्धा चांगले निकाल दाखवू शकतो, कारण समोरचा उपचार त्याहून वाईट असतो.

आहे तसंच सोडून द्यावं, हेही मला पटत नाही. त्या भिंतीवर हॅनिमन यांचं नाव आहे, सूत्र आहे, चार चित्रं आहेत, आणि सगळं एकाच सुरात बोलतं. आजाराने घाबरलेला माणूस किंवा त्याची आई हे वाचते तेव्हा तिला त्यात इतिहास दिसत नाही, भरवसा दिसतो. त्या भरवशापायी खरा उपचार लांबणीवर पडला तर नुकसान तिचं होतं. मला या प्रकरणाची काळजी आहे ती एवढ्यासाठीच.

चौथ्या चित्राच्या पुढचा जो प्रसंग भिंतीवर नाही, तो हॅनिमन हयात असतानाच घडलेला आहे. 1835 मध्ये न्यूरेंबर्गच्या एका खानावळीत, सगळ्यांसमोर, होमिओपॅथीचा पैजेचा कस लागला. शंभर कुप्यांवर आकडे घातले, त्या सरमिसळ केल्या. निम्म्यांत होमिओपॅथीच्या रीतीने तिसाव्या टप्प्यापर्यंत विरळ केलेलं मीठ, निम्म्यांत नुसतं वितळलेल्या बर्फाचं पाणी. कुठल्या कुपीत काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही, यादी मोहोरबंद. चोपन्न जणांनी कुप्या घेतल्या, पन्नास जणांनी काय जाणवलं ते सांगितलं. बेचाळीस जणांना काहीच झालं नाही. ज्या आठ जणांना काहीतरी वाटलं, त्यांतल्या पाच जणांकडे मीठ होतं आणि तिघांकडे पाणी. आजच्या औषधचाचणीचा सगळा गाभा त्या खानावळीत होता.

माझी सूचना साधी आहे. स्मारकाची देखभाल नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे आणि ऐतिहासिक जागांवर माहितीचे फलक लावणं हे त्यांचं रोजचं काम. मूळ ग्रॅनाइटला हात न लावता, पदपथाच्या बाजूला कमरेइतक्या उंचीचा एक फलक लावावा. त्यावर साधारण असा मजकूर असावा:

'सॅम्युएल हॅनिमन (1755–1843), जर्मन वैद्य, होमिओपॅथीचे जनक. रक्त काढणं आणि पाऱ्याची औषधं यांना त्यांनी जाहीर विरोध केला, मनोरुग्णांना माणुसकीने वागवलं. हे स्मारक 1900 मध्ये अमेरिकन होमिओपॅथी डॉक्टरांनी स्वतःच्या वर्गणीतून उभारलं. तेव्हा देशात होमिओपॅथीची बावीस महाविद्यालयं होती. या पद्धतीची औषधं आजार बरे करतात, असा विश्वासार्ह पुरावा त्यानंतरच्या संशोधनात मिळालेला नाही.'

शेवटच्या वाक्याला होमिओपॅथी संघटना हरकत घेतील, आणि पहिल्या दोन वाक्यांतलं कौतुक काही शास्त्रज्ञांना खटकेल. दोघांनी हरकती लेखी द्याव्यात, सुनावणी उघड व्हावी आणि मजकुरातला प्रत्येक शब्द पुराव्यावर घासून घ्यावा. 1900 मध्ये झाली नाही ती चर्चा त्या निमित्ताने होईल. रश यांच्या पुतळ्यापाशीही असाच फलक असावा, आणि त्यावर 1793 ची साथ लिहिलेली असावी.